साखरेच्या डब्याखालचा कागद

१७ जून, मंगळवार

तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, असं समृद्धी मॅडमनी सांगितलंय. अंदाजे नाही, झोपताना आठवून नाही, खाल्लं की लगेच. "खोटं लिहू नका ताई. त्याचा मला उपयोग नाही आणि तुम्हाला तर नाहीच नाही." मी मान डोलावली आणि घरी येऊन दोन वह्या काढल्या. एक त्यांना दाखवायची. दुसरी ही, एका बियाणे कंपनीने दुकानाला भेट दिलेली डायरी, दर पानाखाली एक टोमॅटो छापलेला. खरं ते सगळं या टोमॅटोच्या डोक्यावर लिहायचं ठरवलंय.

पहिल्या पानावर नाव-गावाची जागा आहे, म्हणून रीतसर लिहिते. रिंकू जिनेश, वय एकोणतीस, राहणार जुन्नर, बाजारपेठेत सासऱ्यांच्या किराणा-भुसार दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माहेर मंचर. लग्नाला चार वर्षं. मूल नाही. वजनाला जागा ठेवलेली नाही, याबद्दल बियाणे कंपनीचे आभार.

खाल्लं: चहा पाच वेळा, प्रत्येकी दोन चमचे साखर, पाचव्याला तीन. दोन खाकरे. वरण, भात, तीन फुलके, तूप. दुकानात गूळ, ढेप चांगली आहे का बघण्यापुरता. ती तीन वेळा बघावी लागली.

१९ जून, गुरुवार

मॅडमपर्यंत कशी पोचले तेही लिहून ठेवते.

मे महिन्यात माहेरी गेले होते, तेव्हा मंचरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. जुन्नरला दाखवलं असतं तर मी दवाखान्याचा जिना उतरायच्या आत बातमी पेठेत पोचली असती. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. "पीसीओएस आहे. पाळी चुकते ती त्यामुळे. बऱ्याच जणींना असतं, घाबरू नका. वजन थोडं उतरवा, खाण्याकडे लक्ष द्या." काय खाऊ विचारलं, तर म्हणाल्या, घरचंच खा, पण नीट. बाहेर अकरा बायका ताटकळत होत्या, म्हणून 'नीट' म्हणजे काय ते विचारायचं राहिलं. तेवढा एक शब्द घेऊन मी एसटीने घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. जिनेश म्हणाला, मम्मीला सांगू नकोस, ती जिवाला लावून घेईल. मग आम्ही दोघांनी मोबाईलला विचारलं. मोबाईलमधली एक तुकतुकीत मुलगी म्हणाली, सकाळी अॅव्होकॅडो खा, रात्री सॅमन मासा. आम्ही जैन, कांदा खाताना चार ठिकाणी बघणारी माणसं. मासा सोडून दिला आणि रविवारच्या बाजारात अॅव्होकॅडो विचारला. बाजारातली बाई म्हणाली, "त्ये नाय, पपई हाय. लई गोड हाय." मी पपई घेतली. मग चौदाशे रुपयांचा पावडरीचा डबा मागवला. तिची चव ओल्या गोणपाटासारखी होती. तीन दिवस प्यायले. आता त्या डब्यात कपड्यांचे चिमटे आहेत.

समृद्धी मॅडमचा पत्ता मात्र नशिबाने सापडला. एका सकाळी चहात दुसरा चमचा घालायला साखरेचा डबा उचलला, तर खाली एक कागद अंथरलेला. आहारतज्ज्ञ, मंगळवार व शुक्रवार, जुन्या स्टँडजवळ लॅबच्या वर. मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस. रद्दीतून काय काय येतं आणि कुठे जाऊन बसतं.

तिथे गेले आणि खुर्चीत बसलेली मुलगी बघून परत फिरणार होते. घाटघरच्या कुशाबांची मुलगी. कुशाबा दर हंगामात आमच्या दुकानी नाचणी आणि वरई घालतात. ही त्यांच्याबरोबर यायची, कॉलेजात होती तेव्हा. दोन वर्षांपूर्वी मी हिला माझे लहान झालेले चार ड्रेस दिले होते, मोठ्या शेठाणीच्या थाटात. ते लहान का झाले होते ते आता तिच्यासमोर वजनकाट्यावर उभं राहून सांगावं लागलं. तिने ड्रेसचा विषय काढला नाही. मी तिला मॅडम म्हणाले. ती म्हणाली, समृद्धी म्हणा ताई. अजून जीभ वळत नाही.

२४ जून, मंगळवार

खाल्लं: मॅडमच्या वहीत लिहिलंय ते. आणि वर दोन पेढे.

मॅडमच्या फॉर्मवर एक रकाना होता, शेवटची पाळी कधी. मी लिहिलं, २९ मे. हे खोटं आहे. टोमॅटोला खरं सांगते, शेवटची २० एप्रिलला आली.

आमच्याकडे पाळी आली की बाई बसते. चार दिवस वरची मागची खोली, स्वयंपाकघर बंद, मंदिर बंद, ताट उंबऱ्यावरून सरकवायचं, कुणी शिवायचं नाही. माहेरी हे पाळत नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंनी ताट लांबून सरकवलं तेव्हा मी त्यात रडले होते. पुढे सवय झाली. झोप छान होते.

पण यात एक अडचण आहे. बाई कधी बसली ते सगळ्यांना कळतं, तसं ती कधी बसली नाही तेही कळतं. मागच्या वर्षी माझे दोन महिने चुकले. उज्ज्वलाकाकींनी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंनी, दिवस मोजले, कैरीचं लोणचं पाठवलं, महिला मंडळात सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मला जड उचलू देईनात. मग एका सकाळी पाळी आली. नऊ वर्षं वाट बघायला लावून देवाने जिनेशला त्यांच्या पदरात घातलंय, म्हणून त्यांचं तोंड बघवेना. लोणचं संपलं नव्हतं अजून.

म्हणून यंदा मे महिन्यात, काकींची नजर पोटावर यायला लागली तेव्हा, मी सरळ बसले. काहीही न होता. चार दिवस मागच्या खोलीत मोबाईल बघितला आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून बाहेर आले. कुणाला शंका आली नाही. शाळेच्या नाटकात मला कायम झाडाचं काम द्यायचे, त्या बाईंनी मला आता बघायला हवं होतं.

२७ जून, शुक्रवार

काल बसले. दुसरी वेळ, बरोब्बर अठ्ठावीस दिवसांनी.

आज एक गंमत झाली. दुपारी सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, माझ्या मागे बसल्या आणि केसांना तेल चोळायला लागल्या. मी हबकले. दिवाळीत नणंद बसली होती तर स्वतःच्या पोटच्या पोरीला त्यांनी पाणीसुद्धा लांबून ओतलं होतं. एप्रिलमध्ये माझ्या हातातला टॉवेल उंबऱ्यावर ठेवायला लावला आणि मग उचलला. आता विसरल्या बहुतेक. आठवण करून द्यावी असं मनात आलं, पण हात फार छान फिरत होता.

बासष्ट वय म्हणजे काही फार नाही. पण मेमध्येही अशाच विसरल्या होत्या, पोटदुखीची गोळी सरळ माझ्या तळहातावर ठेवली होती. जिनेशला सांगायला हवं.

१ जुलै, मंगळवार

समृद्धीकडे गेले. (नुसतं समृद्धी म्हणायला आज जमलं.) तिचा छापील तक्ता तिने माझ्यासमोर ठेवला आणि मी एकेक खोडत गेले. अंडं नाही. गाजर, बीट जमिनीखालचं, नाही. आता चातुर्मास लागेल, मग पालक-मेथी नाही. मोड आलेली कडधान्यं सासूबाईंना चालत नाहीत. सूर्यास्तानंतर काहीच नाही. तक्त्यावर शेवटी 'भरपूर पाणी' उरलं, तेही आम्ही उकळून पितो.

मला वाटलं ती हात टेकेल. ती हसली. म्हणाली, "सूर्यास्ताआधी जेवण पटवायला बाकीच्यांपुढे माझ्या नाकी नऊ येतात. तुमच्याकडे ते आधीच आहे. तुमच्याच डब्यांतून करू." आणि तिने विचारलं, घरात काय काय असतं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. अख्खे मूग, मटकी, हरभरे, चण्याच्या डाळीचं पीठ, बाजरी, ताक, शेंगदाणे, भाजलेला पापड. तीन वेळा जेवायचं, उपाशी राहायचं नाही, प्रत्येक ताटात डाळ किंवा कडधान्य, भात अर्धा, साखर-गूळ-तळण बाजूला. गव्हाऐवजी एक वेळ नाचणी नाहीतर बाजरी. रोज अर्धा तास चालणं. "नाचणी कुठे मिळते ते तुम्हाला सांगायला नको," ती म्हणाली. नाचणीच्या पोत्यांना टेकून मी चौदाशेची पावडर मागवली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

चालायचं कुठे हा प्रश्न आहे. शिवनेरीच्या पायथ्याशी पहाटे जायचं ठरवलं तर जिनेश म्हणाला, परवाच तिकडे बिबट्या दिसला. गच्चीवर चाळीस फेऱ्या मारायच्या ठरल्यात. आज अकरा मारल्या. मॅडमच्या वहीत चाळीस.

११ जुलै, शुक्रवार

काल चातुर्मास बसला आणि उज्ज्वलाकाकी बासुंदी घेऊन आल्या. वाटी माझ्या हातात दिली आणि समोर उभ्या राहिल्या. काकी वाटी रिकामी झाल्याशिवाय हलत नाहीत. मी घाबरून म्हणाले, मी गोड आणि तळलेलं सोडलंय, चातुर्मासापुरतं.

काकी म्हणाल्या, "अगंबाई, कधी?" मी वाटी खाली ठेवली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "परवाच म्हणाली मला. मीच म्हटलं, कर."

मी त्यांना परवा काहीही म्हणाले नव्हते. विसरण्यापर्यंत ठीक होतं, आता न घडलेलं आठवायला लागलंय. जिनेशला आज स्पष्ट सांगितलं. तो अक्रोड घेऊन आला. डोक्याला चांगले असतात म्हणे. आता रोज चार मी त्यांच्यासमोर ठेवणार आणि संपेपर्यंत उभी राहणार.

आज सकाळी चातुर्मासाला आलेल्या महाराजसाहेबांकडे नेऊन सासूबाईंनी मला रीतसर पच्चक्खाण, म्हणजे व्रताची शपथ, घ्यायला लावलं. हात जोडून, सर्वांसमोर. डाएट कितीही वेळा मोडता येतं, मी स्वतः मोडून बघितलंय. पच्चक्खाण कसं मोडणार? गुळाच्या ढेपेजवळून आता डोळे मिटून जाते. आजच एकदा हरभऱ्याच्या पोत्यावर आपटले.

खाल्लं: सकाळी मुगाचे दोन चिले, दुपारी नाचणीची भाकरी, गट्ट्याची भाजी, काकडी, संध्याकाळी बाजरीची खिचडी. नाचणीची भाकरी सासूबाईंनी आपणहून केली. गुडघ्यांना बरी म्हणाल्या. साखरेचा डबाही फडताळात वर ठेवलाय, मुंग्या येतात म्हणून.

१५ जुलै, मंगळवार

समृद्धीने पकडलं.

तिने माझे दोन्ही महिने कॅलेंडरवर मांडले. २९ मे, २६ जून. मला म्हणाली, "ताई, पीसीओएसवाल्या बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांनी, त्याच वारी? आमच्या घाटघरची एसटीसुद्धा इतकी वेळेवर येत नाही." मी म्हणाले, चमत्कार असतात. ती पेन खाली ठेवून बसली. मग मी सगळं सांगितलं. सांगताना मला हसू येत होतं, आणि मध्येच रडू आलं. कशाचं ते नीट सांगता येणार नाही. दर महिन्याला मी एका न आलेल्या गोष्टीचं नाटक करते आणि ती खरंच यावी म्हणून इकडे नाचणी खाते. माझी कीव करतील ही भीती आहे. माझ्याकडे कुणी आशेने बघावं याची त्याहून जास्त भीती आहे.

समृद्धी म्हणाली, घरात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, तिथे नाटक चालत नाही. "मला खरी तारीख द्या. बाकी कुणाला नाही दिलीत तरी चालेल."

मी दिली. २० एप्रिल. लिहिताना तिचं पेन मोडतं का काय असं वाटलं, पण तिने नुसतं लिहिलं.

२५ जुलै, शुक्रवार

ठरवलं होतं की आता बसायचं नाही. काल बसले. बुधवारी काकींनी देवळाच्या पायरीवर विचारलं, "काय गं रिंकू, या वेळी पुढे गेली का?" माझा निश्चय तिथेच, पायरीवरच सांडला.

सासूबाई आज पुन्हा विसरल्या. मूग निवडायचं ताट घेऊन सरळ माझ्या गादीवर येऊन टेकल्या, मांडीला मांडी लावून. मला निवडायलाही दिले. मोबाईलवर एक विनोद चालू होता तो त्यांनीही बघितला. अक्रोडांचा काही उपयोग होत नाहीये.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी दुकान बंद असताना पोत्यांच्या काट्यावर वजन केलं. सुरुवातीला चौऱ्याहत्तर होतं, आज बाहत्तर किलो चारशे. दोनदा केलं, एकदा चपला काढून. मागे वळले तर दारात कुशाबा, सौदा आटपून परत आलेले. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि उगाचच नाचणीचा विषय काढला. "औंदा नाचनीला लई मागनी हाय शेठाणी. मोठ्या बाईंनी तर वैशाखातच सांगून ठिवलं व्हतं, धा किलो घरापुरती काढा म्हनून. पोरीचा कागद बी त्यांच्याकडंच दुकानात लावाया दिला व्हता, त्यो दिसंना कुटं."

दहा किलो म्हणजे सासूबाईंना पापड करायचे असणार. यंदा पापड काही झाले नाहीत, विसरल्या. लेकीचा कागदही दुकानात लावायचा राहिलेला दिसतोय, तो मी शोधून लावेन म्हणाले.

हनुवटीवर पुन्हा तीन केस. माझा चिमटा सापडत नव्हता, तर सासूबाईंचा बेसिनवर पडलेला, तोच वापरला. त्या दर रविवारी खिडकीत आरसा धरून बसतात. तरुणपणापासूनचं आहे म्हणतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मंचरला जाऊन आले. आईला भेटायला, असं सांगून. डॉक्टरीणबाईंना या वेळी खरी तारीख सांगितली. रक्त तपासलं. त्या म्हणाल्या, साखर काठावर होती ती खाली आलीय, आहार कोण बघतंय? मी समृद्धीचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मला फार बरं वाटलं, जसं काही मीच घाटघरची. या महिन्याअखेरपर्यंत नाही आली तर गोळ्या देऊन आणू म्हणाल्या. म्हणजे तीन आठवडे.

बाहेर या वेळी चौदा बायका होत्या. 'नीट' हा शब्द घेऊन त्यातल्या किती एसटीत बसतील कुणास ठाऊक.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पर्युषण चालू आहे आणि मी बसले आहे. चौथी वेळ. वर्षातले सगळ्यात पवित्र आठ दिवस, घरातले सगळे देवळात प्रतिक्रमणाला, म्हणजे चुकांची कबुली द्यायला, गेलेत आणि मी खोटी अशुद्ध होऊन मागच्या खोलीत हरभरे खातेय. यासाठी नरकात वेगळी खोली असेल तर तीही मागचीच असेल.

न बसून सांगणार काय होते? पर्युषणात गोड बातमी, असं काकींनी माइकवरून सांगितलं असतं.

सासूबाई देवळात जाण्याआधी येऊन कपाळाला हात लावून गेल्या, ताप आहे का बघायला. मी म्हणाले, मम्मी, तुम्हाला आता अंघोळ करावी लागेल. त्या म्हणाल्या, "अगं, हो की." आणि तशाच देवळात गेल्या.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज संवत्सरी. सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. मिच्छामि दुक्कडम् म्हणून मी सासऱ्यांच्या, काकींच्या पाया पडले. सासूबाईंपुढे हात जोडले आणि नेहमीसारखं चटकन म्हणता येईना. शेवटी म्हणाले. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या हातात धरले आणि सोडलेच नाहीत. "माझंही चुकलं असेल तर माफ कर," त्या म्हणाल्या. "माणूस बघत राहतो, बोलत नाही."

बिचाऱ्या. त्यांचं काय चुकणार?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आता मात्र कहर झालाय. आमच्या जैन संघात पंचवीस घरं. मागच्या वर्षी तिघांनी अठाई केली, आठ दिवस नुसत्या पाण्यावर. यंदा एकाने सुरू केली आणि चौथ्या दिवशी ताप भरला. रविवारी तपस्वींचा बहुमान ठेवलाय आणि तपस्वीच नाही. माझे सासरे लालचंदजी संघाचे विश्वस्त. त्यांनी सभेत सांगितलं, आमच्या सुनेने सात आठवडे गोडाला आणि तळणाला हात लावलेला नाही. सगळ्यांनी अनुमोदना केली. शाल, हार, मानपत्र, आणि एक किलो काजूकतली.

जिनेश दार लावून पोट धरून हसला. मी म्हणाले, मला नाही जायचं, मी तपस्वी नाही, मी पेशंट आहे. तो हसायचा थांबला. म्हणाला, मग तसं सांगूया का? मी नको म्हणाले. आज एकोणतीस तारीख. गोळ्या सुरू व्हायला दोन दिवस.

३१ ऑगस्ट, रविवार

आली.

पहाटे पाच वाजता, कंबरेतल्या त्या ओळखीच्या कळीसकट. मी न्हाणीघरात उभी राहून आधी हसले, मग तोंडात टॉवेल धरून रडले. एकशे तेहेतीस दिवस. मी मोजले होते, काकी उगाच बदनाम.

मग लक्षात आलं की नऊ वाजता बहुमान आहे. मंदिराच्या सभागृहात, महाराजसाहेबांसमोर. आणि चारच दिवस झाले होते मला 'बसून' उठायला, नाही, सहा. खोटं बोलणारीने निदान तारखा तरी पाठ ठेवाव्यात. गप्प बसून गेले असते तर कुणाला कळलं नसतं. चार महिने मी नसलेली पाळी सांगितली, आता असलेली लपवायची, एवढंच. या शिवाशिवीवर माझा विश्वास आहे की नाही हे मला आजही ठाऊक नाही. पण इतक्या खोट्यानंतर ही एक खरी होती. ती लपवायची म्हटल्यावर माझ्या पोटात कळीपेक्षा जास्त दुखलं.

खाली गेले. सासूबाई माझी केशरी साडी इस्त्री करून उभ्या होत्या. खांद्यावर घालून बघायला हात पुढे केला त्यांनी.

मी म्हणाले, "मम्मी, मी बसले."

त्यांचा हात वाटेतच थांबला. "खरंच?"

"खरंच."

त्या दोन पावलं मागे सरकल्या. साडी खुर्चीवर ठेवली, पदराने डोळे पुसले. "मग वर जा. शेकायची पिशवी उंबऱ्यावर ठेवते."

मी जिना चढायला लागले आणि सातव्या पायरीवर थांबले. दहा दिवसांपूर्वीच बसलेल्या सुनेला कुठलीही सासू 'परत?' असं विचारेल. यांनी 'खरंच?' विचारलं होतं.

दुपारी जिनेश वरती येऊन दारातूनच सगळं सांगून गेला. सभागृहात काकी म्हणाल्या, परत कशी बसली, आत्ताच तर झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरातले दिवस मी मोजते, उज्ज्वला. तू मोजायचं सोड आता." शाल आणि मानपत्र त्यांनी माझ्या वतीने घेतलं. काजूकतली तिथल्या तिथे पोरांना वाटून टाकली.

संध्याकाळी सहाला त्या ताट घेऊन आल्या. उंबऱ्याबाहेर थांबल्या, वाकल्या आणि ताट लांबून माझ्याकडे सरकवलं. एप्रिलनंतर पहिल्यांदा. लग्नानंतर ज्या गोष्टीसाठी मी रडले होते तीच आज घडली आणि मला हसू आवरेना. त्या बाहेर पाट घेऊन बसल्या.

कधीपासून ठाऊक होतं, मी विचारलं.

"मेपासून. खरी बसतेस तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडतेस, कुणाशी बोलत नाहीस. मेमध्ये बसलीस आणि मोबाईल बघून हसत होतीस. पार खाली दुकानात ऐकू येत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पाट उंबऱ्याजवळ ओढला. "जिनेशच्या आधी नऊ वर्षं मी पण बसायचे. त्यात खरी किती आणि खोटी किती, माझं मलाच आठवत नाही. कुणी विचारू नये, एवढंच वाटायचं तेव्हा. म्हणून नाही विचारलं."

साखरेच्या डब्याखाली कागद कुणी अंथरला आणि दहा किलो नाचणी कुणासाठी होती, ते मला आत्ता कळलं. शेवटी म्हणाले, आणि ते अक्रोड?

"खाल्ले की. चांगले होते."

मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सवयीने हात माझ्या डोक्याकडे आला आणि उंबऱ्यापाशी अडला. "चार दिवस थांब," म्हणाल्या. "मग तेल लावते."

समृद्धीला तारीख कळवली. तिचं उत्तर आलं, एकदा आली म्हणजे झालं असं नाही ताई, खाणं-चालणं सोडू नका, डॉक्टरांनाही कळवा. आणि खाली, मला लई आनंद झाला. मॅडमचं मराठी पहिल्यांदाच घाटघरचं झालं.

खाल्लं: नाचणीची दीड भाकरी, अख्ख्या मुगाची उसळ, दोडक्याची भाजी. गूळ नाही. फेऱ्या शून्य, कंबर दुखत होती. आज दोन्ही वह्यांत एकच लिहिलं.